बंदीआधी कोयता हातात घेऊन पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शहरात कोयताविक्रीवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारं एका वाचकांचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलंत. ‘पुण्यासारख्या शहरात सभ्य माणसाला कोयता लागतोच कशाला?’ असा त्यांचा रोकडा सवाल आहे. मला लागतो. मी साठी ओलांडलेली बाई आहे, कोथरूडला राहते आणि माझ्या घरी तीन कोयते आहेत. त्यातला एक तर मी स्वतः कापून, घासून, मूठ बदलून उभा केलेला आहे. तेव्हा सभ्य माणसांच्या यादीतून माझं नाव खोडण्याआधी माझंही ऐकून घ्यावं.

त्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. रात्री-अपरात्री कोयते नाचवत लोकांच्या गाड्या फोडणारी पोरं मीही बातम्यांत पाहिली आहेत, आणि त्यानं घाबरलेही आहे. मध्यंतरी कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, नोंद ठेवा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं. त्याला माझी हरकत नाही. मी कार्ड काढून दाखवलं, दुकानदारानं वहीत लिहून घेतलं, विषय संपला. पण नोंद वेगळी आणि बंदी वेगळी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची व्याख्या करतानाच केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत, म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना विळा-कोयता ठाऊक होता. हॉस्पिटलच्या दारात शहाळं तासून देणारा माणूस दिवसभर हातात काय धरून बसतो? ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. दिवाळीनंतर आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडात ही जोडपी उतरतात. त्यांना ‘कोयता कशाला लागतो’ हे कोणी विचारून दाखवावं.

पण मला वकिली करायची नाही. माझा मुद्दा हत्याराचा आहे, आणि हत्याराबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे. भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे लोखंडी भाग तापवून कडक करणाऱ्या, वर्कशॉपमध्ये तपासणी विभागात माझी सगळी नोकरी झाली. गिअर, शाफ्ट, पिना भट्टीतून निघाल्या की त्यांचा कठीणपणा मोजायचा, नापास माल लाल रंग लावून बाजूला काढायचा, आणि प्रॉडक्शनवाल्यांच्या शिव्या खायच्या. निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी टेकडीवर घाणेरी काढणाऱ्या मंडळींत सामील झाले. परवानगी वनखात्याची असते, वनरक्षक जवळपास असतात. वनजमिनीवर आपल्या मनानं एक फांदीही तोडायची नसते. हे आत्ताच सांगते, नाहीतर हे पत्र वाचून एखादे उत्साही काका उद्याच पायथ्याशी हजर व्हायचे.

घाणेरी सगळ्यांनी पाहिलेली असते, लाल-पिवळ्या-गुलाबी फुलांची, पान चुरगळलं की उग्र वास येणारी. कुणी तिला टणटणी म्हणतं. उष्णकटिबंधातल्या अमेरिकेतून शोभेचं झुडूप म्हणून ती इंग्रजांच्या काळात इकडे आली, बंगल्यांच्या कुंपणांवरून सुटली आणि आता टेकड्यांवर मालकिणीसारखी बसली आहे. काळी फळं बुलबुल खातात आणि बी चौफेर पेरतात. तिच्या जाळीखाली हेकळ, बारतोंडी, मेडशिंगी यांची रोपं उन्हाला महाग होतात. कोवळी फांदी कात्रीनं निघते. जुन्या गड्ड्याची गोष्ट वेगळी. खोड मनगटाएवढं, फांद्या चौकोनी धारांच्या, त्यांवर खाली वळलेले बारीक काटे, आणि आतलं लाकूड वाळलं की असं चिवट की घाव घातला तर पातं आत शिरायच्या आधी सगळी जाळी हलून फटका झेलते. नुसती वरून छाटली तर ती दुप्पट जोमानं फुटते. म्हणून आधी कोयत्यानं पसारा उतरवायचा, बुंध्यापर्यंत वाट करायची, मग टिकावानं जमिनीखाली दोन-तीन बोटं मुख्य मूळ तोडून गड्डा उपटायचा आणि मुळं वर करून उलटा ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा रुजत नाही. सगळी जाळी एकदम साफ करायची नाही, कारण सातभाई आणि इतर लहान पाखरं तिच्यातच आसरा घेतात. एक तुकडा काढायचा, तिथे देशी झाडं धरली की पुढचा.

आमच्या गटानं या कामासाठी मध्यवस्तीतल्या एका दुकानातून कोयते आणले होते. दिसायला झकास. पात्याला काळा रंग, कडेला ग्राइंडरची चकाकी, लाकडी मूठ वॉर्निश मारलेली. पहिल्या जुन्या गड्ड्याशी गाठ पडली आणि अर्ध्या तासात धार कडेनं वळली. बोटानं नव्हे, नखानं हळूच कडेवरून ओढून पाहिलं तर नख अडकत होतं, म्हणजे लोखंड एका बाजूला दुमडून पडलं होतं. धार गेली की माणूस जोर वाढवतो, आणि जोर वाढवला की घाव चुकतो. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाचा घाव खोडावरून घसरला आणि पातं त्याच्या बुटावर बसलं. बूट जाड होता म्हणून निभावलं. धारदार कोयता लाकडात रुततो, बोथट कोयता लाकडावरून निसटतो आणि मग त्याला जे सापडेल ते. बंदीची मागणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तेव्हा मी माझ्या जुन्या सवयीवर गेले आणि तपासणी सुरू केली. पहिली परीक्षा कानशीची, जी कोणालाही घरी करता येते. चांगली, न झिजलेली कानस घ्यायची आणि कडेवर हलकेच पुढे ढकलायची. कानस लोण्यात शिरल्यासारखी शिरली आणि भुसा पडला, तर लोखंड मऊ आहे, त्याला पाणी दिलेलंच नाही, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलंच नाही. काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाणी जास्त झालं आहे, दगडाला लागलं की कपची उडणार. कानस कुरकुरत, नाखुशीनं थोडंसं खाईल, ते पातं कामाचं. आमच्या दुकानी कोयत्यावर कानस शिरली ती मुठीपासून टोकापर्यंत सारखीच. नंतर जुन्या सहकाऱ्यांच्या मेहरबानीनं एक पातं मशीनवर लावलं. कठीणपणा मोजायच्या रॉकवेल सी स्केलवर २० च्या खालचं वाचन धरायचं नसतं, आणि हे पातं त्याच्याही खाली. म्हणजे सरळसरळ खिडकीच्या जाळीला वापरतात ती साधी पट्टी! अशा लोखंडात कार्बनच इतका कमी की भट्टीत घालून पाण्यात बुडवा नाहीतर तेलात, ते कडक होणारच नाही. त्याला कितीही घासा, धार चार घाव टिकणार.

असं का होतं, हे मला मुळशीकडच्या एका लोहारदादांकडे कळलं. त्यांच्याकडे मी जुन्या बाजारातून आणलेला ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन गेले होते. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे पाटा निवडताना एवढंच बघायचं की तो तडकलेला नाही. भोकाजवळ बारीक काळी रेघ दिसली की सोडून द्यायचा. दादांनी पाटा हातात घेऊन वाजवला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘ताई, कोयता कुणाला?’

‘मला.’

‘तुम्हाला?’ मग थोडं थांबून, ‘राग मानू नका. हल्ली कुणी कोयता मागायला आला की आधी तोंड बघतो मी. विळे करतो, खुरपी करतो. कोयता ओळखीच्यालाच. नसती भानगड कोण घेणार मागं लावून?’

माझ्या पत्रातला मुद्दा इथे आहे, संपादक महोदय. ज्याला पाणी देता येतं तो कारागीर भीतीनं हात आखडता घेतो. ज्याला फक्त पट्टी कापून रंग मारता येतो त्याला कसली भीती? तो ढिगानं माल काढतो. गुंडाला काय, त्याला दहशत बसवायला चकाकणारा पत्रा पुरतो. त्यानं जाळी तोडायची नसते, त्याची धार टिकली काय, न टिकली काय. बंदी आली तर लोहारदादा पहिले थांबतील आणि पट्टीवाला शेवटी. नुकसान माळी, शहाळेवाले, शेतकरी आणि आमच्यासारख्यांचं.

दादांनी घडवलेल्या पात्याची हकिगत जरा सविस्तर सांगते, कारण असं काम बघायला मिळणं दुर्मीळ झालं आहे. पाटा लाल करून त्यांनी आधी कमान मोडून सरळ केला, मग पुढचा भाग ठोकून पातळ करत नेला आणि टोकाला आत वळवून चोच काढली. ही चोच दिखाऊ नसते. गुंतलेली फांदी ओढून जवळ घ्यायला तिचाच उपयोग, काट्यांत हात घालावा लागत नाही. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी भात्याशेजारचा दिवा मालवला. उजेड असला की लोखंडाचा रंग फसवतो, म्हणाले. पातं केशरी-लाल झालं तेव्हा नुसती कड जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवली. पाण्यात नाही. कमानीचं पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती. लगेच बाहेर काढून कड विटेच्या तुकड्यानं घासून पांढरी केली आणि पाठीतली शिल्लक धग कडेकडे कशी सरकते ते बघत बसले. आधी गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि निळा रंग कडेला टेकतो न टेकतो तोच सबंध पातं तेलात. आमच्या वर्कशॉपमध्ये हेच काम तापमापक आणि घड्याळ लावून व्हायचं. दादांचं वाचन मी मशीनवर घेतलं, कडेला ५० च्या आसपास आणि पाठीला बरंच कमी. मला नापास करायला काही सापडलं नाही, याची जरा खंतच वाटली म्हणा ना!

पाठ मऊ आणि कड कडक, हेच कोयत्याचं मर्म. स्वयंपाकघरातली सुरी याहून कडक असते, पण ती भाजी कापते. कोयत्याला मुरूम लागणार, मधूनच दगड लागणार. आपल्या टेकड्यांवर वीतभर मातीखाली काळा पाषाण आहे, एखादा घाव ठिणगी पाडून जातोच. सुरीइतका कडक कोयता तिथे दातरा होईल.

घरी आणल्यावर मी त्याची आणखी एक परीक्षा घेतली, पितळी सळईची. सळई शिकंज्यात आडवी धरायची आणि धार तिच्यावर हलक्या दाबानं टेकवून सरकवायची. कड किंचित वाकून परत जागेवर आली तर पास. वाकून तशीच राहिली तर मऊ, आणि कपची निघाली तर ठिसूळ. ही परीक्षा झाल्यावर मगच लाकडावर गेले. ग्लिरिसिडियाची ओली फांदी, सुबाभळीची वाळकी, हेकळाचं काटेरी खोड आणि शेवटी घाणेरीचा जुना गड्डा. प्रत्येकानंतर पातं उन्हात धरून कड डोळ्यासमोर आणायची. चांगली धार दिसत नाही. जिथे धार बोथट झाली असेल तिथे बारीक पांढरी रेघ चमकते. गड्ड्यानंतर चोचीपाशी अगदी तेवढी रेघ होती, बाकी कड काळी.

आता त्यात मी काय बदल केले ते. मुख्य बदल मुठीचा. बाजारातली मूठ गोल असते, लेथवर काढायला सोपी म्हणून. गोल मूठ घाव बसताना तळहातात फिरते, आणि पातं तिरकं झालं की निसटतं. शिवाय ती पुरुषी हाताच्या मापाची, माझी बोटं तळव्याला टेकतच नव्हती. मी बाभळीचं लाकूड घेऊन अंडाकृती मूठ काढली, ३५ मिलिमीटर उंच आणि २५ जाड. अंडाकृती मुठीचा फायदा असा की न बघता हाताला कळतं धार कुठल्या बाजूला आहे. शेवटाला करंगळीमागे गाठ ठेवली, घामानं हात घसरला तरी तिथे अडतो. पात्याचा मुठीत जाणारा दांडा तापवून लाकडात जाळून बसवला, राळ ओतली आणि वर आरपार पीन मारून दोन्हीकडून ठोकली. पुष्कळ कोयत्यांना ही पीनच नसते, मूठ नुसती घट्ट ठोकलेली. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि एक दिवस मूठ हातात राहते, पातं उडतं. हे मात्र नवीन कोयता घेणाऱ्या प्रत्येकानं दुकानातच बघावं.

मुठीवर जवसाचं तेल मुरवलं. वॉर्निश नको, त्यानं फोड येतात. आणि शेवटाकडचा भाग भडक लाल रंगवला. गवतात ठेवलेला कोयता दिसत नाही आणि दुसरा कोणी त्यावर गुडघा टेकतो, म्हणून.

मुठीपासून पुढची तीन बोटं धार मी मुद्दाम घासून बोथट केली. बारीक काम करताना हात पुढे सरकवून तिथे धरता येतो. उरलेल्या धारेला दुकानासारखा आखूड उतार न ठेवता तिचा खांदा, म्हणजे उतार सुरू होतो तिथला उंचवटा, काढून टाकला, म्हणजे पातं लाकडात शिरल्यावर पाचर मारल्यासारखं अडकत नाही. कोन मोजायला महागडं काही लागत नाही. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. एका बाजूचा उतार एवढा ठेवला की घाणेरीला पुरतो. याहून पातळ केला तर कड दुमडते.

भाचा कंपनीच्या कामासाठी ब्राझीलला गेला होता. त्याला माझा नाद माहीत, म्हणून येताना तिकडची मॅशेटी घेऊन आला. सामानात, विमानाच्या पोटात, सरळ जाहीर करून. घाणेरी ज्या मुलखातून आली तिथलंच हत्यार, तेव्हा म्हटलं आता बाईसाहेबांची खैर नाही. सरळ पातं, १८ इंच लांब, जेमतेम २ मिलिमीटर जाड, आणि धार म्हणाल तर नावाला. कारखान्यातून ती अर्धीमुर्धी घासलेली येते, वापरणाऱ्यानं कानशीनं पुरी करायची, अशी तिकडची रीत. धार लावून पाहिली. ओलं गवत, पिवळ्या कॉसमॉसचं रान, ग्लिरिसिडियाचे अंगठ्याएवढे कोंब, सगळं एका हेलकाव्यात साफ. मनगट दुखत नाही, वजन कळतच नाही. पण घाणेरीच्या जुन्या बुंध्यावर मारली तर पातं थरथरलं आणि झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. शिवाय जाळीत १८ इंच फिरवायला जागा कुठे? टोक कशात ना कशात अडकतंच.

तेव्हा तिला १४ इंचांवर आणलं. हे काम ग्राइंडरचं, आणि ग्राइंडरवर घाई करून भागत नाही. बाजूला पाण्याची बादली, दोन-तीन सेकंद घासलं की पातं पाण्यात, हात लावून गार लागलं की पुन्हा. पातळ कड क्षणात निळी पडते, म्हणजे तिथलं पाणी उतरलं, आणि उतरलेलं पाणी घरी परत चढवता येत नाही. नवीन टोक मी गोल ठेवलं, अणकुचीदार नाही. भोसकायचं काहीच नाही तर टोक हवं कशाला? प्लास्टिकची मूठ ठीक होती, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, इतकंच. आता गवताला आणि कोंबांना ही, गड्ड्याला दादांचा कोयता. एकाच हत्यारानं सगळं करू पाहणाऱ्यांना दोन्ही कामं अर्धवट जमतात, असं माझं मत झालं आहे.

म्यानासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम हवेवर मऊ करून दोन फळ्यांत दाबला, चपटा झाला, पातं त्यात चपखल. कोकणात कंबरेला आकडी बांधून कोयती तिच्यात अडकवतात, ती फार देखणी सोय. पण आकडी बांधून मी कर्वे रस्त्यावरून बसनं जाऊ लागले तर पुढच्या थांब्याला काय होईल ते सांगायला नको.

तसं एकदा झालंही. सकाळी लवकर दुचाकीवरून निघाले होते, बंदोबस्त होता, हवालदारांनी थांबवून गोणपाटाचं बोचकं उघडायला लावलं.

‘काकू, हे काय?’

‘कोयता.’

‘ते दिसतंय. कशाला?’

‘घाणेरी काढायला.’

‘कुणाची?’

मी म्हटलं, ‘सरकारची. वनखात्याच्या जागेतली.’ परवानगीच्या पत्राची प्रत होती ती दाखवली. त्यांनी पत्र वाचलं, लाल मुठीकडे पाहिलं, म्यान काढायला लावून कड पाहिली आणि विचारलं, ‘धार कुठून लावून घेतली? आमच्या गावाकडचा कोयता पार गेलाय.’ मग मी कानशीचं सांगितलं. हवालदार समजूतदार निघाले. पण दर वेळी तसेच भेटतील याची खात्री नाही, आणि त्यांचीही चूक म्हणणार नाही. बोचक्यातला कोयता कुणाचा हे त्यांनी ओळखायचं तरी कसं?

म्हणून बंदीच्या ऐवजी माझ्या दोन सूचना. पहिली वनखात्याला. टेकडीवरच्या चौकीत स्वयंसेवकांच्या हत्यारांसाठी एक कुलूपबंद पत्र्याची पेटी ठेवू द्यावी, किल्ली वनरक्षकांकडे, वहीत नोंद. हत्यार टेकडीवरच राहील, रविवारी मिळेल, काम झालं की तेल लावून परत जाईल. शहरातून कोयता घेऊन फिरायचा प्रश्नच मिटला. पेटी आमचा गट करून देईल, आतल्या लाकडी खाचांसकट, मी मापं काढून ठेवली आहेत.

दुसरी पोलिसांना आणि दुकानदारांना. कोयता बिनधारेचा विकावा, ब्राझीलच्या मॅशेटीसारखा. ज्याला काम आहे तो कानस घेऊन बसेल. गुंड घासून घेणारच नाही असं मी म्हणत नाही, पण दुकानातून निघून थेट चौकात नाचवायची सोय तरी जाईल. त्याचबरोबर पात्यावर बनवणाऱ्याचा ठसा असावा. आमच्या वर्कशॉपमधून साधी पीनसुद्धा ठशाशिवाय बाहेर जात नसे. ठसा असला की लोहारदादांसारख्यांना आपला माल उजळ माथ्यानं विकता येईल आणि जाळीची पट्टी कापून विकणाऱ्याला तोंड लपवावं लागेल. नोंदवहीत आधार क्रमांकाशेजारी तो ठसाही लिहिला तर पोलिसांचंच काम हलकं होईल.

बंदीची मागणी करणाऱ्या गृहस्थांना एका रविवारी टेकडीवर यायचं आमंत्रण आहे. येताना जाड बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पाणी आणावं. डाव्या हाताला चामडी मोजा आम्ही देऊ, उजवा हात मोकळाच ठेवायचा, पकड नीट राहते. हात लांब करून कोयता धरला की जेवढी लांबी होते, तिच्या दुपटीइतकं तरी अंतर दोन माणसांत हवं. जाळीला हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायचं, कारण खाली फुरसं असू शकतं आणि वर गांधीलमाशांचं पोळं. घाव सरळ आडवा नाही, खोडाला तिरका, आणि आपल्या गुडघ्याच्या दिशेनं कधीच नाही. पहिला तास त्यांना मॅशेटीच देऊ.

कळावे,

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव छापू नये. सोसायटीत आधीच पुरेशी चर्चा आहे.)

ता. क. कानस घेताना दहा इंची, मध्यम दाताची घ्यावी आणि तिला मूठ बसवूनच वापरावी. मूठ नसेल तर तिचं मागचं टोक तळहातात शिरतं. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना उचलून घ्यायची. पुढे-मागे घासत बसलं तर कानशीचेच दात झिजतात.